मायच्या मापाचा एप्रन

त्या दिवाळीला मी गडचिरोलीहून गावी आलो तेव्हा माय बाबांचा जुना शर्ट घालून भाकरी थापत होती. साडीवर शर्ट घालणं आमच्याकडे नवीन नाही. धान कापायला जाताना सगळ्याच बाया घालतात, पात्यांनी हात चिरू नयेत म्हणून. पण घरात, चुलीपुढे, कपाळावरून घाम गळत असताना मनगटापर्यंत बाह्या ओढून कोणी बसत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "थंडी वाजून राह्यली." बाहेर अंगणात कोंबड्यासुद्धा सावली शोधत होत्या. दुसऱ्यांदा विचारायची मला तेव्हा सवय नव्हती. कॉलेजात सरांचं एखादं वाक्य समजलं नाही तरी मी मान हलवायचो, तशीच घरीही हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिंगवर ती भांडी घासायला बसली आणि पाणी आत जाऊ नये म्हणून तिने बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुलाबी आणि चकचकीत झाली होती, प्लास्टिक वितळून थिजावं तशी. मी जवळ गेलो तर तिने बाही झटकन खाली घेतली.

"तेल उडलं," ती म्हणाली.

शेजारी शेवंताबाई बादली भरत होती. ती मायसोबत शाळेत सैपाक करायची. तोंडाने फटकळ, पण पोटात काही ठेवायची नाही. ती म्हणाली, "तेल काऊन उडन बाबू? शाळेच्या खिचडीत तेल असते तरी केवढं! पदर पेटला होता तुया मायचा. गुंडभर पाणी ओतलं मी आंगावर, तवा विझला."

"झालं आता. कायले सांगून राह्यली त्याले?" माय तिच्यावर खेकसली. "कॉलेजात ध्यान लागन का त्याचं?"

ध्यान लागलं नाहीच.

शाळेतला सैपाक कसा व्हायचा ते आधी सांगायला हवं. आता गावात शाळेला पक्की खोली आहे, शेगडी आहे. तेव्हा शाळेच्या मागे कुडाच्या तीन भिंती आणि वर टिनाचे पत्रे, एवढाच सैपाकाचा मांडव होता. मधोमध दगडांची मोठी चूल. लाकडं ऐनाची असली तर बरी जळायची, ओली मिळाली की मांडवभर धूर. चुलीवर मोठा गंज चढायचा आणि त्यात सगळ्या शाळेची खिचडी. गंज एवढा खोल की तळाला लागू नये म्हणून ढवळताना मायला चुलीवर जवळजवळ ओणवं व्हावं लागे. ओणवी झाली की डोक्यावरून घेतलेल्या पदराचं टोक पुढे लोंबायचं. एका हाताने ती ते मागे सारायची, दुसऱ्या हाताने सराटा फिरवायची. साडी तर सगळ्यांचीच ती बाजारातली, घडी न मोडणारी, झटकन वाळणारी आणि त्याहून झटकन पेटणारी.

पदर कमरेला खोचून टाकला असता तर प्रश्नच मिटला होता. शेवंताबाई खोचायचीच. पण शेवंताबाई आमच्या आडनावाची नव्हती. शाळेच्या समितीचे अध्यक्ष होते माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे सख्खे मोठे भाऊ, म्हणजे मायचे भासरे. पोरांच्या आधी खिचडीचा घास चाखून पाहायचं काम समितीवर होतं आणि मोठेबाबांनी ते काम देवपूजेसारखं नेमाने धरलं होतं. भासऱ्यासमोर बाईने डोकं उघडं ठेवायचं नाही, त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं नाही, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नव्हतं. ते जन्मतःच ठाऊक असल्यासारखं होतं. ते मांडवाशी येताना खोकायचे. तो आजाराचा खोकला नव्हता. बायांना सावध करण्याचा होता. खोकला आला की माय हातातलं असेल ते ठेवून पदर सारखा करायची. आमची आणि त्यांची घरं एकाच भिंतीची होती. भिंतीपलीकडून खोकला आला तरी झोपेतसुद्धा तिचा हात डोक्याकडे गेलेला मी पाहिला आहे.

मोठेबाबा वाईट माणूस नव्हते. बाबा माजरीला कोळसा खाणीच्या भागात ठेकेदाराकडे कामाला होते, महिन्यातून एखाद्या वेळी यायचे. मधल्या काळात आमचं वावर, आमचे बैल, सगळं मोठेबाबाच बघायचे. मायला काही सांगायचं असेल तर मला सांगायचे. मी नसलो तर अंगणात येऊन बकरीला सांगायचे. "ये बकरे, आभाळ भरून आलं. आंगणातलं धान कोणी उचलन का नाई?" माय आतून बकरीलाच उत्तर द्यायची, तेही तोंडात पुटपुटून. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्याच घरी बकऱ्या एवढ्या कामाच्या असतात.

गडचिरोलीला परत आलो आणि माझं वाचन सुटलं. वर्गात बसलं की नजर खिडकीकडे. कुठे पालापाचोळा पेटवल्याचा वास आला की मी खिडकीतून धूर शोधायचो. साधारण अकरा वाजता, म्हणजे आमच्या शाळेत चूल पेटायच्या वेळेला, माझा हात वहीवर थांबायचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं, त्यामुळे ही भीती सांगायची कुणाला तेही कळत नव्हतं. घरी फोन लावावा तर तो शेजाऱ्यांचा. मायला बोलावून आणेपर्यंत माझ्या डोक्यात निम्मं गाव जळून गेलेलं असायचं. ती धापा टाकत येऊन विचारायची, "काऊन गा, काय झालं?" मी म्हणायचो, "काही नाई, असाच लावला."

मार्ग सुचला तो मेसमध्ये. तिथला आचारी छातीपासून गुडघ्यापर्यंत एप्रन घालायचा. गळ्यात पट्टा, कमरेला मागे गाठ. तो कढईवर वाकला तरी अंगावरचं काही पुढे यायचं नाही, सगळं त्या कापडाखाली दाबून बसलेलं. मी ताटातला घास तसाच धरून पाहत राहिलो. मायचा पदर असा कापडाखाली दाबला, वर बंद बांधले, की आग त्याच्यापर्यंत पोचणार कशी? त्या रात्री पहिल्यांदा मला सलग झोप लागली.

माझ्या खोलीखाली सलीमभाईंचं शिलाईचं दुकान होतं. दोन पायमशीन होत्या, एकीवर ते स्वतः बसायचे, दुसरीवर कापडांचा ढीग बसायचा. दुपारी ते नमाज आणि जेवण करून येईपर्यंत दुसरी मशीन वापरू का, असं मी विचारलं. विचारायला मी चार वेळा जिना उतरून परत चढलो होतो.

"काय शिवतं?"

"एप्रन."

"कोनासाठी?"

"मायसाठी."

"मायसाठी?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मले वाटलं कोण्या मैडमसाठी असन! अरे, पोट्टे मायसाठी साडी नेते. हा कामाचा कपडा घेऊन चालला!"

ते हसत होते, पण माझ्या मनाला ते लागलं. खरंच, आयुष्यात मायला मी पहिल्यांदा काही देणार होतो आणि तेही काय, तर चुलीपुढे उभं राहायचा कपडा. पण साडी दिली असती तर तीही पेटणारीच. मी ढीग उचलून बाजूला ठेवला आणि मशीनवर बसलो.

कापड मी जाड सुती घेतलं होतं, गडद निळं. दुकानदाराला एवढ्या वेळा विचारलं, "सुतीच आहे ना जी?" की तो वैतागून म्हणाला, "काडी लावून दाखवू का?" मी हो म्हणालो. त्याने खरंच कोपऱ्याचा एक धागा ओढून जाळून दाखवला. राख झाली, गोळा झाला नाही. मेसच्या आचाऱ्याकडून एप्रन मागून घेतला, वर्तमानपत्रावर पसरून त्याचा आकार उतरवला आणि कात्री चालवली. कात्री चालवणं सोपं निघालं. मशीन मात्र ऐकेना. पायडल उलटं फिरायचं, दोरा तुटायचा, सरळ काठ शिवायला घेतला की टीप नागासारखी वळवळत जायची. सलीमभाई जेवून यायचे, माझी शिवण उन्हाकडे धरून पाहायचे आणि म्हणायचे, "कॉलेजात हेच शिकवते का? उसव!" उसवताना सुईने बोटं टोचायची. परत शिवायचो. आज मला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही, पण तेव्हाची ती डावी-उजवीकडे भरकटलेली टीप डोळ्यांपुढे अजून स्वच्छ आहे.

सगळ्यात जास्त वेळ बंदांनी खाल्ला. पट्टी उलटी शिवायची, मग टोकाला सेफ्टी पिन लावून आतल्या आत सरकवत सुलटी करायची. माझा जीव त्या बंदांवरच टांगलेला होता. सैल झाले तर पदर सुटेल. गाठ घट्ट बसली आणि एप्रनच पेटला तर काढता येणार नाही. खोलीचं दार लावून मी तो घालायचो, मागे सरकगाठ बांधायचो आणि अंगाला आग लागली असं समजून एका झटक्यात ओढायचो. सुटायचा. पुन्हा बांधायचो, पुन्हा ओढायचो. मायची उंची माझ्याएवढीच, त्यामुळे माप माझंच धरलं होतं. शेवटी सलीमभाईंनीही तो अंगात चढवून पाहिला, आरशापुढे वळले आणि हाटेलवाल्यासारखे ओरडले, "एक कट चाय!" आम्हा दोघांनाही तो अगदी नीट बसला. पदर आम्हा दोघांपैकी कोणालाच नव्हता, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

संक्रांतीच्या सुट्टीत घरी नेला. मायने तो उलगडला, समोर धरला, उलटा केला. माझ्या टिपांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "खिसा काऊन नाई ठेवला? माचिस कुठी ठेवू?"

"राहून गेला," मी म्हणालो.

"तूच शिवला?"

"हो."

"पोट्ट्यानं मशीन चालवली!" ती स्वतःशीच म्हणाली आणि पदराने नाक पुसून उठली. उरलेल्या चिंधीचा खिसा मी संध्याकाळी हातानेच लावून दिला. लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात जेवताना तो एप्रन समोर खुंटीवर होता, आणि ती जेवता जेवता त्याच्याकडे पाहत होती. मला एवढं पुरेसं होतं.

शाळा उघडली त्या सकाळी मीही तिच्यासोबत गेलो. सांगितलं की लाकडं फोडून देतो, पण मला तो एप्रन चुलीपुढे पाहायचा होता. तिने डोक्यावरून पदर घेतला, त्यावरून गळ्याचा पट्टा घातला, पदराचं टोक एप्रनखाली सारलं आणि मी मागे गाठ बांधली. शेवंताबाई म्हणाली, "अवो, डाक्टरीणबाई झाली तू तं! मले सुई नोको टोचू बाप्पा." माय हसली. चूल पेटली, आधण आलं, तांदूळ पडला, डाळ पडली. माय गंजावर ओणवी झाली आणि पुढे काहीच लोंबलं नाही. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. दिवाळीनंतर पहिल्यांदा माझा श्वास पोटापर्यंत गेला.

मग ती सरळ झाली आणि पदर डोक्यावरून घसरून मानेवर आला. तिने हात मागे नेऊन तो ओढला. आला नाही. पुन्हा ओढला. टोक खाली एप्रनमध्ये बांधलेलं, वरून गळ्याचा पट्टा मानेवर दाबलेला. साडीला पदर एकच असतो, तो छातीशी दाबून बांधला तर डोक्यावर यायला उरतो कुठून? हे कोणत्याही बाईने पाहताक्षणी सांगितलं असतं. मी ते त्या क्षणी पाहिलं. मायनेही पाहिलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण तिचा हात मानेमागे पट्टा चाचपू लागला.

"हे मग कर," शेवंताबाई म्हणाली. "आधी गंज उतरव, तळाला लागून राह्यली खिचडी."

दोघींनी फडकी घेतली, गंजाचे काठ दोन्ही बाजूंनी धरले आणि उचलला. गंज चुलीवरून सुटला, वाफ दोघींच्या तोंडावर आली, खाली जाळ मोकळा होऊन फडफडला. आणि कुडाच्या भिंतीपलीकडून खोकला आला.

मायचा उजवा हात सुटला. तिने तो सोडला नाही, तो आपोआप सुटला, झोपेत जायचा तसा डोक्याकडे गेला. गंज तिच्या बाजूने कलला. उकळती खिचडी काठापर्यंत धावली. शेवंताबाई किंचाळली, "अवो बाई, धर!" मी पुढे झालो, पण मधे चूल होती. मायने डावा हात आणि मांडी लावून गंज कसाबसा तोलला होता. उजवा हात मानेमागे पदर ओढत होता आणि पदर येत नव्हता. तेवढ्यात मोठेबाबा मांडवात आले.

त्यांनी पाहिलं. मायचं उघडं डोकं पाहिलं, कललेला गंज पाहिला. लगेच ते वळले आणि कुडाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीला नाक लागेल एवढे जवळ.

"पोट्ट्या!" ते भिंतीला म्हणाले. "तुया मायले सांग, गंज सोडू नको म्हणाव! दोन्ही हातानं धर म्हणाव!"

माय चुलीपलीकडे, माझ्यापासून दोन पावलांवर होती. तिने शब्द न् शब्द ऐकला होता. तरी मी सांगितलं, कारण तसंच सांगायचं असतं. "माय, मोठेबाबा म्हणते, गंज सोडू नको. दोन्ही हातानं धर."

"आयकू आलं मले," माय म्हणाली. मोठ्याने. उजवा हात डोक्यावरून खाली आला आणि गंजाच्या काठाला लागला. दोघींनी तो जमिनीवर ठेवला. ठेवल्याबरोबर ती मांडवाच्या कोपऱ्यात गेली, पाठीमागची गाठ एका झटक्यात ओढली, एप्रन खाली पडला, पदर डोक्यावर आला. गाठ अगदी मी ठरवली होती तशीच सुटली.

मोठेबाबा खिचडी न चाखता निघून गेले.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज नव्हता. दिवेलागणीला मोठमाय, म्हणजे मोठेबाबांची बायको, आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"जेवले नाई ते," ती म्हणाली. "ताट तसंच आहे. एवढे वर्षं झाले, तुया डोक्शाचा केस नाई दिसला त्याह्यले. आज आख्ख्या शाळेसमोर! हे कॉलेजचं सोंग कोनं आणलं घरात?"

मायने पाट पुढे सरकवला. मोठमाय बसली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "शिकला म्हणजे मायले उघडी कराव लागते का, बाबू?" आणि गेली. शब्द साधेच होते, पण मला ते कितीतरी वर्षं पाठ होते.

माय एप्रनची घडी घालत होती. "उद्या नाई घालत," ती म्हणाली.

"माय, पदर पेटन."

"ध्यान ठेवीन."

"ध्यान तं तवाही ठेवलं होतं तू. त्यापेक्षा डोक्शाले रुमाल बांध. वरून एप्रन घाल."

ती थांबली, मला समजावण्याच्या सुरात म्हणाली, "वावरात जाताना रुमाल बांधते गा. भासऱ्यासमोर रुमाल बांधला म्हणजे पदर घेतला असं नाई होत." मग घडीवरून हात फिरवत म्हणाली, "तुयी मेहनत वाया नाई जाणार. भाकरीच्या टोपल्यावर झाकायले येते कापड. चांगलं जाड आहे."

मी अंगणात जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी मला परत जायचं होतं. पुन्हा ती खिडकी, पुन्हा ते अकरा वाजणं. आणि आता तर तिला भीती आगीची नव्हती, डोकं उघडं पडण्याची होती. म्हणजे आता पदर ती आणखी पुढे ओढणार, आणखी घट्ट धरणार, चुलीवर आणखी लोंबू देणार. मी तिला वाचवायला निघालो होतो आणि आगीच्या एक पाऊल आणखी जवळ नेऊन ठेवलं होतं. भिंतीपलीकडे मोठेबाबा खोकले. सावध करायचा नव्हता तो खोकला, नुसताच खोकला होता. आत मायची बांगडी वाजली. हात डोक्याकडे गेला असणार.

हे लिहिताना माय आतल्या खोलीत आहे. गंजाची गोष्ट काढली की म्हणते, "असं काही झालंच नोतं. तू लिवतं म्हणून काहीही लिवतं." पण ते सांगताना तिचा डोळा मिश्कीलपणे बारीक होतो, आणि मला तेवढ्याने बळ येतं.

सकाळी ती शाळेत निघाली तेव्हा कांद्यांच्या पिशवीत मला निळं कापड दिसलं. टोपल्यावर झाकायला घरी ठेवलेलं कापड शाळेत कशाला, हे मी विचारलं नाही. दुपारच्या बसने जायचं म्हणून माझी पिशवी भरलेली होती, ती तशीच घेऊन तिच्यामागे गेलो. तिने चूल पेटवली. पदर डोक्यावरून पुढे ओढला, एवढा की कपाळ झाकलं. पिशवीतून एप्रन काढला नाही. शेवंताबाई कांदे सोलत होती. लाकडं ओली होती, धूर खूप होता आणि धुरात माय ओणवी झाली की मला तिच्या पदराचं टोक दिसायचं नाही, मग दिसायचं, मग दिसायचं नाही.

तेवढ्यात खोकला आला, पण लांबून, शाळेच्या अंगणातून. माय सरळ झाली. पुन्हा खोकला आला नाही, पावलंही आली नाहीत. मग मोठेबाबांची हाक आली, माझ्या नावाने.

"काऊन गा, चूल विझली का?"

मी मांडवाबाहेर आलो. मोठेबाबा हौदाशी उभे होते, मांडवाकडे पाठ करून.

"नाई, जळून राह्यली," मी म्हणालो.

"मंग मी इथीच बसतो. विझली का हाक देजो. विझल्याशिवाय नाई येत मी." ते हौदाच्या काठावर बसले, उन्हात. धोतर सारखं केलं. थोड्या वेळाने मी अजून तिथेच आहे असं वाटून, मागे न बघता म्हणाले, "काल माया खोकल्यानं जळली असती तुयी माय."

मी मांडवात आलो. सांगायची गरज नव्हती, माय कुडाला कान लावून उभी होती. तिने बाहेर एकदा डोकावून पाहिलं. मग शेवंताबाईकडे पाहिलं. शेवंताबाईने तोंड फिरवून कांदा चिरायला घेतला, जणू जगात कांद्याशिवाय काही नाही. मायने पिशवीतून एप्रन काढला. पदर डोक्यावरून खाली घेतला, पूर्ण, छातीवरून आडवा नेऊन कमरेला घट्ट खोचला, आणि वरून एप्रन घातला. गाठ तिने स्वतःच बांधली. तिच्या डोक्यावर मधोमध पांढऱ्या केसांची एक बट होती. ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

ती ढवळू लागली. दोन्ही हातांनी. एरवी एक हात पदरासाठी राखून ठेवायची, आज दोन्ही हातांनी सराटा धरून गंजाच्या तळापर्यंत घालत होती. धूर तिच्या तोंडावर येत होता आणि ती मान इकडे तिकडे मोकळी वळवत होती. खिचडी शिजली. दोघींनी गंज उतरवला. पोरं ताटल्या वाजवू लागली. बाहेर हौदाच्या काठावर मोठेबाबा उन्हाने डोळे मिचकावत, डोक्यावर उपरणं घेऊन बसले होते.

"माय, झालं," मी म्हणालो. "विझवू का चूल? ते उन्हात बसून राह्यले."

मायने चुलीकडे पाहिलं, मग कुडाच्या फटीतून बाहेर पाहिलं. कोपऱ्यातलं एक कोरडं लाकूड उचललं आणि जाळात सारलं.

"जळू दे जराशी," ती म्हणाली, आणि उघड्या डोक्याने निखाऱ्यापुढे पाय पसरून बसली.